पोलीस पाटील: गावाचा की ठाण्याचा?

वर्धा नदीच्या पश्चिम काठावरचे, अमरावती जिल्ह्यातील तिवसा तालुक्यातले कौंडण्यपूर अवघ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे ते रुक्मिणीचे माहेर म्हणून. आषाढीसाठी येथून पायी पंढरपूरला जाणारी रुक्मिणीमातेची पालखी, कार्तिकातली यात्रा आणि १९६०च्या दशकात येथे झालेले पुरातत्त्वीय उत्खनन यांमुळे या गावाचे नाव वृत्तपत्रांत अधूनमधून येत असते. या गावाची आणखी एक ओळख मात्र फारशी चर्चेत येत नाही. कौंडण्यपूर हे सीमेवरचे गाव आहे. नदीच्या अलीकडे अमरावती जिल्हा, अमरावती महसूल विभाग आणि अमरावती पोलीस परिक्षेत्र. पलीकडे वर्धा जिल्हा, नागपूर महसूल विभाग आणि नागपूर परिक्षेत्र. काठावर उभे राहिले की समोरचे शेत दिसते, तेथे काम करणारी माणसे ओळखू येतात; पण त्या शेतात गुन्हा घडला तर त्याची नोंद वेगळ्या जिल्ह्याच्या वहीत होते.

ही सीमा नवी नाही. १८०३ साली देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडला आणि ही नदी दोन सत्तांमधली हद्द ठरली. वऱ्हाड आणि मध्य प्रांत यांची १९०३ मध्ये एकत्र मोट बांधली गेली, पुढे संयुक्त महाराष्ट्र झाला, तरी हद्दीची ती रेघ कागदावर राहिलीच. सत्तरच्या दशकात वर्धा जिल्ह्यात दारूबंदी लागू झाल्यापासून या रेघेला एक रोजचा अर्थही आला आहे. पूर्वेच्या काठावर जी वस्तू बाळगणे हा गुन्हा, ती पश्चिमेच्या जिल्ह्यात परवाना असलेल्या दुकानात राजरोस मिळते. अशा ठिकाणी कोण माणूस कोणत्या वाटेने, कोणत्या वेळी नदी ओलांडतो हे ठाण्यात बसून कळत नाही. ते काठावर राहणाऱ्यालाच कळते. नदीच्या पात्रातून रात्री होणारा रेतीचा उपसा, ओलिताच्या मोटारींची आणि स्प्रिंकलरच्या नोझलांची चोरी, हंगामात सोयाबीनच्या गंजीला लावलेली आग, धुऱ्याचा किंवा पांदण रस्त्याचा वाद या साऱ्या गोष्टींचेही तसेच आहे. वऱ्हाडातील ग्रामीण गुन्हेगारीचा मोठा भाग हा असा आहे. त्याचे मथळे होत नाहीत, पण एका गंजीबरोबर एका कुटुंबाचे वर्ष जळून जाते.

मग प्रश्न असा की, गावात सर्वांत आधी ज्याला हे कळते तो माणूस कोण, आणि कळल्यावर तो कोणाकडे जातो?

कायद्याने याचे उत्तर दिलेले आहे. तो माणूस म्हणजे पोलीस पाटील. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ अन्वये राज्यात पोलीस पाटलांची ३८ हजारांहून अधिक पदे आहेत. गावातील गुन्ह्यांची, आरोग्याची आणि एकंदर परिस्थितीची माहिती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना देत राहणे, पोलिसांना तपासात मदत करणे, गुन्हा घडू नये म्हणून खबरदारी घेणे, गंभीर गुन्ह्यातील संशयिताला ठाण्याच्या स्वाधीन करणे, अनैसर्गिक मृत्यू झाल्यास तातडीने वर्दी देणे अशी त्याची कर्तव्ये आहेत. हातात दंडुका नाही, अंगावर गणवेश नाही. आहे ती ओळख आणि माहिती.

या पदाचा इतिहास पाहिल्याशिवाय आजचा पेच उमगत नाही. जुन्या वऱ्हाडात पाटीलकी वंशपरंपरेची होती. महसूल पाटील वेगळा आणि पोलीस पाटील वेगळा, पण दोघेही बहुधा एकाच घरातले. त्यांच्या हाताखाली जागल्या म्हणून राबणारा, रात्रीची गस्त घालणारा आणि वाटसरूंवर नजर ठेवणारा माणूस मात्र महारवाड्यातला. म्हणजे गावची पोलिसी खरोखर जो करी त्याला अधिकार नव्हता आणि ज्याला अधिकार होता त्याला रात्री जागावे लागत नव्हते. १९६०च्या दशकाच्या आरंभी वंशपरंपरागत पाटीलकी कायद्याने संपली आणि १९६७च्या अधिनियमाने पोलीस पाटील हे शासनाने नेमावयाचे पद झाले. राजपत्रात हा बदल एका ओळीत मावतो. गावाच्या मनातून वाड्यावरचा पाटील जायला मात्र दोन पिढ्या लागल्या आणि काही गावांतून तो अजूनही पुरता गेलेला नाही.

आज हे पद परीक्षेने भरले जाते. उमेदवार त्याच गावचा रहिवासी, किमान दहावी उत्तीर्ण आणि पंचवीस ते पंचेचाळीस वर्षे वयाचा असावा लागतो. ८० गुणांची लेखी आणि २० गुणांची तोंडी परीक्षा होते. कोणत्या गावचे पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव हे सोडतीने ठरते आणि महिलांसाठीही पदे राखीव असतात. नेमणूक उपविभागीय दंडाधिकारी, म्हणजे वऱ्हाडी बोलीत ‘एसडीओ साहेब’, करतात. या पद्धतीचे एक मोठे श्रेय नाकारता येणार नाही. ज्या घरांतून पूर्वी फक्त जागल्या निघत असे, त्या घरांतली शिकलेली मुले आणि मुली आज पोलीस पाटील म्हणून सही करतात. गावाने हात वर करून निवड केली असती, तर यांतल्या कितीजणांना ही संधी मिळाली असती, हा प्रश्न थोडा कडू असला तरी विचारायलाच हवा.

मानधनाचा प्रश्नही बराच काळ रेंगाळला होता. महिन्याला ६,५०० रुपयांवर पोलीस पाटील चोवीस तासांची जबाबदारी सांभाळत होते. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ते १५,००० रुपये करण्याचा निर्णय घेतला. २०२०च्या टाळेबंदीत गावात बाहेरून आलेल्यांची नोंद ठेवण्यापासून विलगीकरणावर लक्ष ठेवण्यापर्यंतची कामे याच मंडळींनी केली होती, हे लक्षात घेता ही वाढ उशिराच आली असे म्हणावे लागेल. मात्र मानधन वाढले म्हणून मूळ प्रश्न सुटला नाही.

मूळ प्रश्न हिशेबाचा आहे. पोलीस पाटील आपला अहवाल देतो तो तहसीलदाराला आणि ठाणेदाराला. त्याची नेमणूक, मुदतीनंतरचे नूतनीकरण, प्रसंगी निलंबन हे सारे उपविभागीय कार्यालयात ठरते. वर्षभरात गावात काय चोरीस गेले, किती तक्रारी ठाण्यापर्यंत पोहोचल्या, कितींचा तपास लागला आणि कोणत्या तक्रारी उंबरठ्यावरच थांबल्या, हे गावाला सांगण्याचा प्रसंग त्याच्यावर कधीच येत नाही. ग्रामसभेत पाणीपट्टीवर तासभर वाद होतो, घरकुलांच्या यादीवर हातघाई होते. पण गुन्हे या विषयाला विषयपत्रिकेत जागा नसते. परिणामी गाव त्याला ठाण्याचा माणूस समजते. ठाणे त्याला गावचा माणूस समजते आणि बंदोबस्ताच्या दिवशी त्याची आठवण काढते. बीट जमादाराशी त्याचे पटले तर काम चालते. जमादाराची बदली झाली की ओळखीपासून पुन्हा सुरुवात.

यावर एक उपाय हमखास सुचवला जातो: पोलीस पाटील गावानेच निवडावा. सरपंच थेट जनतेतून निवडला जातो, मग हे पद का नको, असा युक्तिवाद असतो. (थेट सरपंच निवडीची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली, एकाच पदाबाबत पाच वर्षांत तीनदा मत बदलणाऱ्या व्यवस्थेपुढे आणखी एक निवडणूक मांडताना जरा धास्ती वाटावी.) या युक्तिवादाचे समर्थक अमेरिकेच्या शेरीफचा दाखला देतात. तो तपासून पाहण्यासारखा आहे.

शेरीफ हा शब्द मराठी वाचकाला ओळखीचा आहे तो मुंबईच्या नगरपालामुळे. पण मुंबईचे नगरपाल हे एका वर्षासाठी नेमले जाणारे मानाचे पद आहे. पाहुण्यांचे स्वागत आणि समारंभ यांपलीकडे त्याला पोलिसी अधिकार नाहीत. अमेरिकेतला शेरीफ निराळा. तेथे तीन हजारांवर काउंट्या आहेत आणि बहुतेक राज्यांत काउंटीचा शेरीफ मतदार निवडून देतात. तुरुंग त्याच्या ताब्यात, गस्त त्याची, हाताखालचे डेप्युटी त्याचे. तत्त्वतः याहून लोकाभिमुख पोलीस असू शकत नाही. प्रत्यक्षात काय घडले याचे गाजलेले उदाहरण ॲरिझोना राज्यातील मॅरिकोपा काउंटीचे आहे. जो अर्पायो हे तेथे १९९२ पासून सलग सहा वेळा शेरीफ म्हणून निवडून आले. त्यांच्या खात्याने लॅटिन वंशाच्या नागरिकांना केवळ वर्णावरून अडवून तपासल्याचा निष्कर्ष संघीय न्यायालयाने २०१३ मध्ये काढला. ती कारवाई थांबवण्याचा आदेश न पाळल्याबद्दल २०१७ मध्ये ते दोषी ठरले आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षांनी त्यांना माफी दिली. ज्यांना अडवले जात होते ते अल्पसंख्य होते. ज्यांना ते आवडत होते त्यांची मते जास्त होती. २०१६ मध्ये मतदारांनीच त्यांना हरवले हे खरे. पण तोवर चोवीस वर्षे गेली होती.

इंग्लंड आणि वेल्स यांनी दुसरी वाट धरली. पोलीस अधिकारी तसेच ठेवून त्यांच्यावर देखरेख करणारा आयुक्त लोकांनी निवडावा, अशी ती योजना. नोव्हेंबर २०१२ मधील पहिल्या निवडणुकीत जेमतेम १५ टक्के मतदान झाले. आपला आयुक्त कोण हे ठाऊक नसलेले नागरिकच अधिक, अशी टीका पुढेही होत राहिली आणि अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये ही पदे २०२८ मध्ये मुदत संपताच रद्द करण्याचे तेथील सरकारने जाहीर केले. पोलिसी कारभारात लोकांना रस नसतो असा याचा अर्थ लावणे चुकीचे ठरेल. आपल्या गल्लीत काय घडते यात लोकांना भरपूर रस असतो. चार वर्षांतून एकदा, एका मोठ्या प्रदेशासाठी, एका अनोळखी नावापुढे खूण करण्यात तो रस व्यक्त होत नाही, एवढेच.

परदेशाची उदाहरणे दूरची वाटत असतील तर महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभवही हाताशी आहे. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातले तंटे गावातच मिटावेत, कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यात शेतकऱ्याची उमेद आणि पैसा जाऊ नये, हा हेतू निःसंशय चांगला होता. समितीचा अध्यक्ष ग्रामसभेने निवडायचा आणि पोलीस पाटील समितीचा निमंत्रक. म्हणजे गावाने निवडलेला आणि शासनाने नेमलेला अशी दोन माणसे एका सतरंजीवर बसवण्याचा हा प्रयोग होता. पहिल्या काही वर्षांत अनेक गावांत वर्षानुवर्षांचे धुऱ्याचे वाद खरोखर मिटले. लोकसंख्येनुसार लाखोंच्या घरातले पुरस्कार मिळाले, एक गाव एक गणपती झाले, सामुदायिक विवाह झाले.

पुढे मात्र दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे अध्यक्षपदाला राजकीय वजन आले. पंचायत निवडणुकीत हरलेल्या गटाला ही दुसरी संधी वाटू लागली आणि तंटामुक्ती अध्यक्षाच्या निवडीवरूनच तंटा होऊन पोलीस बोलवावे लागल्याच्या बातम्या दर ऑगस्टमध्ये येऊ लागल्या. हा विनोद वऱ्हाडातल्या वाचकाला नवा नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आणि कमी बोलली गेलेली. मोहिमेचे गुण मिटलेल्या तंट्यांवर होते. गंभीर गुन्हे तडजोडीने मिटवायचे नाहीत हे स्पष्ट असले, तरी गावातला प्रतिष्ठित माणूस आणि गावातली एकटी बाई यांच्यातला वाद जेव्हा ‘आपसात’ मिटतो, तेव्हा तो कोणाच्या बाजूने मिटतो हे सांगायला आकडेवारीची गरज नाही. पुरस्काराच्या वर्षात ठाण्यात जाऊन गुन्हा नोंदवणारा माणूस गावाच्या नावाला बट्टा लावणारा ठरतो. नोंद कमी झाली म्हणजे गुन्हा कमी झाला, हा समज शहरातल्या पोलीस ठाण्यांनाही प्रिय आहे. गावाला तो बक्षिसासह मिळाला.

गाव म्हणजे एक कुटुंब, ही कल्पना पोलिसी व्यवस्थेचा पाया म्हणून किती कच्ची आहे, हे विदर्भाने सप्टेंबर २००६ मध्ये पाहिले आहे. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्यामागचे तात्कालिक कारण असे की शेजारच्या धुसाळा गावच्या पोलीस पाटलाला मारहाण झाली होती आणि या कुटुंबातील स्त्रियांनी त्या प्रकरणात साक्ष दिली होती. आरोपी जामिनावर सुटले त्याच दिवशी सायंकाळी जमावाने त्यांचे घर गाठले. म्हणजे येथे कायद्याचा गावातला प्रतिनिधी स्वतःच मार खाणारा होता, साक्षीदार उघड्यावर होते आणि गाव बहुसंख्येने एका बाजूला होते. त्या गावात त्या दिवशी मतदान घेतले असते, तर कौल काय आला असता?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. भ्रमणध्वनीवरून फिरलेली अफवा एवढेच त्याचे मूळ होते. आपल्या मुलांचे रक्षण आपण करीत आहोत, अशीच त्या जमावाची समजूत होती. ‘लोकसहभागातून सुरक्षा’ हे शब्द सभेत गोड लागतात. पण त्या सहभागाला कायद्याचा हात धरून ठेवणारे कोणी नसेल, तर त्याचा जमाव व्हायला आठवडी बाजाराचा एक दिवस पुरतो.

तर मग सारे अधिकार ठाण्याकडेच ठेवावेत काय? तसेही नाही, कारण याच राज्यात उलट अनुभवही आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी पोळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढारी आणि प्रतिष्ठितांच्या जुन्या शांतता समित्या त्यांनी जवळपास बाजूला ठेवल्या. वस्तीतली सामान्य माणसे, दोन्ही समाजांची, एकत्र बसवली आणि त्यांच्याबरोबर त्या बीटचा पोलीस बसवला. बैठका दंगलीच्या भीतीने नव्हे, तर नळाच्या, गटाराच्या, भाडेकरूच्या भांडणांवर होत राहिल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. पुढे १९९४ मध्ये मुंबईतही ही कल्पना स्वीकारली गेली. या प्रयोगात कोणी निवडून आले नव्हते. पण लोकांपुढे येऊन बसण्यापासून पोलिसाची सुटकाही नव्हती.

अमरावती शहराने नोव्हेंबर २०२१ मध्ये जे अनुभवले त्याच्याशी हे ताडून पाहावे. दूरच्या त्रिपुरातील घटनांच्या बातम्या आणि अफवा यांवरून मोर्चा निघाला, दुसऱ्या दिवशी बंद झाला, दुकाने फुटली, संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद ठेवावे लागले. शहराला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. सणांच्या आधी शांतता समितीच्या बैठका होतात, चहा होतो, छायाचित्रे छापून येतात. त्या समित्यांवर बसणारी नावे वर्षानुवर्षे तीच आणि त्यांतली बरीच कोणत्या ना कोणत्या पक्षाची. आणीबाणीच्या क्षणी गल्लीतला मुलगा ज्याचे ऐकेल असा माणूस त्या यादीत क्वचितच असतो. तेव्हा पोलीस पाटलाचा प्रश्न हा केवळ खेड्याचा आहे, असे मानून शहरी वाचकाने पान उलटण्याचे कारण नाही. शहरात तर ते पदही नाही.

लोकांचा कौल घेण्याची एक पद्धत मात्र महाराष्ट्राच्या गावांत चांगली रुजली आहे आणि तिच्याकडे या दृष्टीने फारसे पाहिले गेलेले नाही. ती म्हणजे ‘आडवी बाटली’. गावातील दारू दुकान बंद करायचे की नाही यावर महिला मतदान करतात. एकूण नोंदणीकृत महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिकींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकान बंद होते. झालेल्या मतांपैकी नव्हे, एकूण मतदारांपैकी. ही अट जाचक आहे आणि अनेक गावांत ती पूर्ण न झाल्याने दुकाने टिकली. तरीही या मतदानात एक शहाणपण आहे. येथे माणूस निवडायचा नसून प्रश्नावर मत द्यायचे आहे. त्यामुळे गट, भावकी आणि जात यांना शिरकाव करायला जागा थोडी कमी मिळते. २०१६च्या कायदा दुरुस्तीने अवैध दारूविरोधात ग्रामरक्षक दले उभारण्याचीही सोय झाली. दुकान बंद झाल्यावर सुरू होणाऱ्या चोरट्या विक्रीला आळा घालायचा, तर गावाची नजर आणि ठाण्याची कारवाई यांची गाठ पडलीच पाहिजे, हे त्यामागचे गृहीत. कौंडण्यपूरसारख्या काठावरच्या गावात या गृहीताची रोजच परीक्षा असते. कारण येथे चोरट्या मालाचे गिऱ्हाईक बहुधा दुसऱ्या जिल्ह्यात असते.

याच तिवसा तालुक्यात मोझरी आहे. तेथील गुरुकुंजात राहून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी जी ‘ग्रामगीता’ लिहिली, तिच्यात ‘ग्राम-रक्षण’ नावाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. खेड्याच्या रक्षणाचा प्रश्न ज्या मातीत इतक्या तपशिलाने विचारात घेतला गेला, त्या मातीत तो आज फक्त भरतीच्या जाहिरातीपुरता उरावा, हे थोडे विचित्र आहे.

कायद्यात मात्र एक दार अजून उघडे आहे आणि त्याची माहिती ग्रामपंचायतींनाही नसते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४० नुसार गावाच्या कारभाराशी संबंधित अधिकाऱ्यावर काही गुन्ह्यांची आणि संशयास्पद मृत्यूंची माहिती तत्काळ देण्याचे बंधन होते, आणि या व्याख्येत ग्रामपंचायतीचा सदस्यही येत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही तरतूद कलम ३४ मध्ये कायम आहे. म्हणजे ‘तो पोलीस पाटलाचा प्रश्न’ असे म्हणून निवडून आलेल्या सदस्याला हात झटकता येत नाहीत. लोकांनी निवडलेला आणि शासनाने नेमलेला, दोघांवरही कायद्याने तीच जबाबदारी टाकली आहे. मग दोघांनीही वर्षातून निदान दोनदा ग्रामसभेपुढे उभे राहून गावातील गुन्ह्यांची स्थिती सांगावी, बीट जमादाराने त्या सभेला हजर असावे आणि प्रलंबित तक्रारींची यादी, तक्रारदारांची नावे उघड न करता, वाचून दाखवावी, यासाठी नवा कायदा लागत नाही. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांचे संयुक्त परिपत्रक पुरेसे आहे. पोलीस पाटलाच्या नूतनीकरणाच्या वेळी या सभांचे इतिवृत्त उपविभागीय दंडाधिकाऱ्यांनी पाहावे. निवड गावाने करायची नाही, पण गावाने काय विचारले आणि त्याला काय उत्तर मिळाले हे निवड करणाऱ्याला कळले पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह प्रकरणात पोलीस सुधारणांचे जे निर्देश दिले, त्यांचा सारा भर वरच्या पातळीवर होता: महासंचालकांची निवड, किमान कार्यकाळ, राज्य सुरक्षा आयोग, तक्रार प्राधिकरण. महाराष्ट्राने त्यासाठी २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती केली. सुधारणेची ती लाट ठाण्याच्या खाली, गावापर्यंत आलीच नाही. बीट जमादाराचा किमान कार्यकाळ किती असावा, एका बीटला किती गावे असावीत, रिक्त झालेले पोलीस पाटलाचे पद किती दिवसांत भरले गेले पाहिजे, या प्रश्नांवर कोणी याचिका करीत नाही. पद रिक्त असले की शेजारच्या गावच्या पोलीस पाटलाकडे अतिरिक्त कार्यभार दिला जातो. त्या गावचा रहिवासी असण्याची जी अट नेमणुकीच्या वेळी कसोशीने तपासली जाते, तीच अशा वेळी सहज विसरली जाते.

हद्दीच्या प्रश्नावर नव्या संहितेने एक दिलासा दिला आहे. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला, तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्याने नोंदवून घेणे आता कलम १७३ नुसार बंधनकारक आहे. पूर्वी हा ‘शून्य क्रमांका’चा गुन्हा परिपत्रकांच्या आणि न्यायालयीन निर्णयांच्या आधारावर चाले आणि हद्द दाखवून तक्रारदाराला परत पाठवणे सोपे जाई. काठावरच्या गावांसाठी या कलमाचे मोल फार आहे. पण ते तक्रारदाराला ठाऊक असेल तरच. ते सांगायचे काम गावात पहिल्यांदा कोणाचे, याचे उत्तर पुन्हा पोलीस पाटलापाशीच येते. त्याला ते प्रशिक्षणात सांगितले गेले आहे काय, हे तिवशाच्या आणि आर्वीच्या दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांनी एकदा एकत्र बसून तपासायला हरकत नाही.

कार्तिकात यात्रा भरते तेव्हा नदीच्या दोन्ही काठांवरून माणसे कौंडण्यपूरला येतात. त्या दिवसांत बंदोबस्त असतो, दोन्हीकडच्या पोलिसांना एकमेकांचे भ्रमणध्वनी क्रमांक लागतात, पोलीस पाटील मंदिराच्या वाटेवर उभा असतो आणि हरवलेली पोरे, कापलेले खिसे यांची खबर तासाभरात योग्य माणसापर्यंत पोहोचते. यात्रा उलगली की बंदोबस्त उठतो आणि ते क्रमांक पुढच्या कार्तिकापर्यंत वहीत पडून राहतात. सोयाबीनच्या गंज्या त्याच सुमारास शेतात उभ्या असतात.